हात मोडला तर बिल कधी ठरतं? ऑपरेशनआधीचा एक कोड आणि घराचं पाच लाखांचं कवच

शिरोडा : दुचाकी घसरली, काजूच्या झाडावरून पाय सटकला किंवा पावसात शेवाळलेल्या पायरीवर माणूस हातावर आपटला, की घरात पहिली काळजी हाताची आणि दुसरी पैशांची. "पैशे किती लागतले?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांना डिस्चार्जच्या दिवशी मिळतं. पण योजनेतल्या उपचाराचा दर ऑपरेशनच्या आधीच ठरलेला असतो. रुग्णालयाच्या संगणकात एक कोड भरला जातो आणि त्या कोडमागे रक्कम ठरलेली असते. तो कोड काय सांगतो, हे घरच्यांना माहीत नसतं. गडबड होते ती इथेच.

दोन हाडं, वेगवेगळी नोंद

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. अंगठ्याच्या बाजूचं रेडियस आणि करंगळीच्या बाजूचं अल्ना. कधी एकच मोडतं, कधी दोन्ही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या यादीत या भागातल्या फ्रॅक्चरचा गट आहे 'एस ५२'. मनगटाजवळ रेडियस मोडलं तर एस ५२.५, दोन्ही हाडं मधोमध मोडली तर एस ५२.४. खासगी मेडिक्लेमच्या फॉर्मवर रुग्णालय हाच कोड भरतं.

हा झाला दुखापतीचा कोड. उपचाराचा कोड वेगळा असतो. सरकारी योजनेत उपचारांची पॅकेजं ठरलेली आहेत. केंद्राच्या आयुष्मान भारत यादीत हाडांच्या उपचारांचे कोड 'एसबी' या अक्षरांनी सुरू होतात. नुसतं प्लास्टर, तार घालणं आणि प्लेट बसवणं हे तीन निराळे उपचार. त्यातही एका हाडावर प्लेट की दोन्ही हाडांवर, हा फरक राहतोच. म्हणजे एक्स-रे एकच असला तरी कागदावर काय लिहिलं जातं, त्यावर रक्कम बदलते.

इथे वैद्यकीय बाजूही समजून घ्यायला हवी. लहान मुलांची हाडं लवकर जुळतात. त्यांची बरीच फ्रॅक्चर हाड नीट बसवून प्लास्टरमध्ये बरी होतात. मोठ्या माणसाची दोन्ही हाडं मधोमध मोडून सरकली असतील तर मात्र सहसा दोन्हींवर प्लेट लागते, नाहीतर पुढे हात नीट फिरत नाही. त्यामुळे "प्लास्टरने भागणार नाही का?" हे डॉक्टरांना विचारण्यात काही चूक नाही. त्याचं कारण एक्स-रेवर दाखवून सांगता येतं.

पैसे दिले नाहीत म्हणजे फुकट नव्हे

राज्याची ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. आधी कवच वर्षाला दीड लाखाचं होतं. १ जुलै २०२४ पासून ते पाच लाखांचं झालं आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही योजना खुली झाली.

पण हे पाच लाख एका माणसाचे नाहीत. ते अख्ख्या कुटुंबाचे, एका वर्षाचे आहेत. हाताच्या ऑपरेशनचं पॅकेज त्यातूनच वजा होतं. समजा, एकाच हाडावर प्लेट बसवली आणि नोंद मात्र दोन हाडांची झाली. पेशंटच्या खिशातून दमडी गेलेली नसते, म्हणून घरचे काही बोलत नाहीत. पण घराचं कवच जास्त कापलं जातं. त्याच वर्षी आजोबांच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं, तर ती कमी झालेली रक्कम आठवेल. म्हणून चुकीचा कोड हा फक्त सरकारचा तोटा नसतो.

'चांगली प्लेट घालूया' म्हणजे काय?

पॅकेजमध्ये सर्वसाधारण वॉर्डातला बेड, डॉक्टर आणि भुलीच्या तज्ज्ञांची फी, ऑपरेशन थिएटर, औषधं, तपासण्या, पेशंटचं जेवण, घरी जायचं एसटी भाडं आणि हाडात बसवायचं इम्प्लांट हे सगळं धरलेलं असतं. डिस्चार्जनंतर १० दिवसांची तपासणी आणि औषधंही त्यातच येतात.

रुग्णालयाला मात्र ठरलेलीच रक्कम मिळते, तीही कागदपत्रं तपासून झाल्यावर. प्लेट महाग असेल तर रुग्णालयाच्या हातात उरणारे पैसे कमी होतात. "योजनेतली प्लेट साधी, चांगली हवी तर वरचे पैसे द्या" हे वाक्य या हिशेबातून येतं. योजना कॅशलेस आहे. मंजूर झालेल्या पॅकेजमधल्या गोष्टीसाठी पेशंटकडून वरचे पैसे घेता येत नाहीत.

योजनेबाहेर, रोख पैसे देऊन ऑपरेशन केलं, तर गणित उलटं होतं. तिथे बिलात जितक्या ओळी वाढतील, तितकी रक्कम वाढते. हृदयातल्या स्टेंटच्या किमतीला फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि गुडघ्याच्या इम्प्लांटला ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कमाल मर्यादा घातली. हाताच्या प्लेट-स्क्रूला तशी मर्यादा नाही. छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये, एवढंच बंधन आहे. म्हणून बिलातली 'इम्प्लांट' ही ओळ सगळ्यात नीट वाचायला हवी. किती प्लेटा, किती स्क्रू, कुठल्या धातूचे, हे बिलात असावं. शिवाय इम्प्लांटचं स्टिकर किंवा पुरवठादाराचं बिल मागून घ्यावं. ऑपरेशननंतरच्या एक्स-रेमध्ये प्लेट आणि स्क्रू स्पष्ट दिसतात. ते मोजायला डॉक्टर असावं लागत नाही.

शिरोड्याहून रस्ता कुठला?

शिरोड्यात उपजिल्हा रुग्णालय आहे, ओरोसला जिल्हा रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही आरोंदा, सातार्डा भागातल्या माणसाची पावलं सवयीने बांबोळीकडे वळतात. तिथे १ जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं आणि त्यावरून दोडामार्गात मोठं आंदोलनही झालं. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना तिथल्या रहिवाशांसाठी आहे. नुसतं गोव्यात कामाला जाणाऱ्याला तिचं कार्ड मिळत नाही. म्हणून गाडी वळवण्याआधी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल-फ्री क्रमांकावर विचारावं, आपल्या योजनेतून हे ऑपरेशन नेमकं कुठे होईल. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात, हेही तिथेच कळतं.

हात वाहनाच्या अपघातात मोडला असेल तर आणखी एक आधार आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने लागू केलेल्या योजनेत, देशातल्या कुठल्याही रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार नेमलेल्या रुग्णालयात मिळतात. सीमेपलीकडे रोज ये-जा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

ऑपरेशनआधी विचारायचे पाच प्रश्न

१. एक हाड मोडलंय की दोन? एक्स-रेवर दाखवाल का?
२. प्लास्टर, तार की प्लेट? आणि का?
३. योजनेतून कुठलं पॅकेज मागितलंय? त्याचं नाव, कोड आणि रक्कम किती? (हे आरोग्यमित्राला विचारावं.)
४. मंजुरी आली का? तातडीच्या वेळी फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, पण नोंद झाली पाहिजे.
५. प्लेट पुढे काढावी लागेल का? लागली तर तो खर्च कशातून?

रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या. दोन्हींवरची नावं जुळतात का, हे आजच घरी बसून पाहून ठेवा. अपघाताच्या रात्री ते जुळवत बसायला वेळ नसतो.

वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत उपचाराची कागदपत्रं द्यावी लागतात. खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावावी, हे राज्याच्या जानेवारी २०२१ च्या नियमांत आहे. डिस्चार्ज कार्ड, आधीचा आणि नंतरचा एक्स-रे, बिल या चार कागदांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवले, तर तक्रार करायला पुरावा हातात राहतो. डिस्चार्ज कार्डावरच्या ऑपरेशनचं नाव आणि मंजूर पॅकेजचं नाव एकच आहे ना, एवढं पाहूनच रुग्णालयाबाहेर पडावं.