माझ्या चित्राला 'ममता' म्हणू नका

गेल्या हिवाळ्यात एका प्रदर्शनात माझे एक चित्र लागले होते. त्याच्या खालच्या कोपऱ्यावर गोंदाने चिठ्ठी डकवलेली: 'ममता'. मी नाव दिले होते 'सारवण'. अर्जात स्वच्छ अक्षरात लिहिले होते. विचारले तर संयोजक हसून म्हणाले, "सरजी, सारवण यहाँ कौन समझेगा? भाव तो वही है।"

माझे भांडण या 'भाव तो वही है'शी आहे. त्या गृहस्थांशी नाही. त्यांनी मला चहाही पाजला.

चित्र कसे झाले ते आधी सांगतो, म्हणजे भाव 'तोच' आहे की नाही हे वाचकांनाच ठरवता येईल. आई गेली तेव्हा वैशाख होता. धूलकोटचा वैशाख ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, घर रिकामे झाले. शाळेच्या कामातून उरलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या बाटल्या होत्या आणि हार्डबोर्डचा एक तुकडा. काय काढायचे हे ठरवले नव्हते. आधी निळा फासला. तो खोटा वाटला. त्यावर पिवळी माती, थोडा हिरवा, थोडा काळा.

अ‍ॅक्रिलिकचा स्वभाव आडमुठा. ओला आहे तोवर पाण्यात विरघळतो, एकदा वाळला की पाण्याला जुमानत नाही. पुसता येत नाही, फक्त झाकता येते. त्या उन्हात रंग ब्रशवरच वाळून केस काडीसारखे झाले. मग उजव्या हातात बाटली धरली आणि डाव्या तळव्याने रंग ओढत गेलो. मी उजवा माणूस आहे, हे लक्षात ठेवा.

चित्र कपाटामागे पडून राहिले. आषाढात एका सकाळी दारातून तिरपा उजेड आला आणि तळव्याचे फराटे दिसले: अर्धवर्तुळे, एकात एक अडकलेली, वरच्या कोपऱ्यापासून खाली मागे मागे सरकत आलेली. सारवणारी बाई अशीच मागे सरकत दाराशी येते. आणि प्रत्येक वळसा डाव्या हाताचा. माझी आई डावखुरी होती. रावेरकडची, सासरी आली तेव्हा डाव्या हाताने सारवते म्हणून तिने बोलणी खाल्ली होती, हे ती म्हातारपणीही सांगे.

आता सांगा, 'ममता' या शब्दात डावा हात कुठे आहे?

'ममता' हा शब्द मराठीतही आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तो निरुपद्रवी वाटतो. दोन्ही भाषांत चालणारा, कोणत्याही घरातला नसलेला शब्द. अशा चिठ्ठ्या दहा चित्रांवर आलटून पालटून लावल्या तरी कुणाचे काही बिघडत नाही.

"लोकांना कळत नाही" हे कारण मला पटत नाही. मंडला जिल्ह्यात बाबरिया येथे १९२२ साली जन्मलेले सय्यद हैदर रझा १९५० पासून साठ वर्षे फ्रान्समध्ये राहिले. पुढे तेही अ‍ॅक्रिलिककडे वळले, पण 'बिंदू' हा 'बिंदू'च राहिला. कॅनव्हासवर नागरी अक्षरेही आली. ती वाचता येत नाहीत म्हणून पॅरिसने झाकली नाहीत. झाबुआकडच्या भूरीबाई भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करत होत्या. जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना त्यांच्या रीतीची चित्रे काढायला सांगितले. भिंतीवरचे भिल्लांचे जग कागदावर आले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि नाव सुचतच नसेल तर नागपूरला जन्मलेल्या गायतोंड्यांसारखे बहुतेक चित्रांना नावच देऊ नये. ते प्रामाणिक आहे. दुसऱ्याने नाव लावणे तसे नाही.

आमच्याकडे दूध घालणारी बारेला बाई हे चित्र बघून काहीच बोलली नव्हती. नुसता तळवा हवेत अर्धा फिरवला. तिला 'सारवण' शब्द येत नाही.

पण मग हिंदीवाल्यांवर चिडून काय उपयोग? आपल्याच घरात काय चालते? मूल चित्र घेऊन येते, आपण न बघता विचारतो, "हे काय आहे?" ते मराठीत सांगू लागले की म्हणतो, "शाळेत हिंदीत सांग हं, नाहीतर मार्क जातील." दोन-तीनदा असे झाले की पोर आधी मथळा ठरवते, मग चित्र काढते: 'पर्यावरण', 'एकता', 'ममता'. उलट टोकाची शहाणी मंडळीही आहेत. हात नेईल तिकडे जा, अर्थ ज्याचा त्याने लावावा, म्हणतात. तेही मला मान्य नाही. अर्थ ज्याने त्याने लावायचा असता तर त्या सहा आठवड्यांत मीच पाच-सात लावले असते. त्या फराट्यांपुढे टिकला तो एकच. प्रभाकर बरव्यांनी 'कोरा कॅनव्हास' मराठीत लिहिले. इतका बारीक चित्रविचार आपल्या भाषेत होऊ शकतो, आणि आपण मुलांना मथळे पाठ करायला लावतो.

चित्र परत आणले. चिठ्ठी पाण्याने सुटेना म्हणून नखाने खरवडली, तर कोपऱ्यातला रंगही निघाला. तिथे खालचा पहिला निळा दिसतो आहे. तो झाकलेला नाही.

यंदाचा अर्ज आला आहे. नावाच्या रकान्यात 'सारवण' लिहिले. शेजारी 'भावार्थ (हिंदी में)' असा रकाना आहे, तो कोरा ठेवला.