विश्लेषण : लष्कराचा जुना ट्रक कमी धावतो, तरी म्हातारा का होतो?

लष्कराने सेवेतून काढलेला ट्रक म्हणजे जुन्या गॅरेजवाल्यांच्या भाषेत 'डिस्पोजलची गाडी'. चेसिस दणकट, चारही चाकांना जोर, मीटरवर किलोमीटर कमी. डोंगराळ भागात, खाणीवर किंवा पाण्याच्या टँकरसाठी अशा ट्रकला आजही गिऱ्हाईक आहे. मात्र १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले आणि या सौद्याचे गणित बदलले. ट्रक दुरुस्त होईलही, पण तो रस्त्यावर येईल का?

ट्रक कोणते?

सर्वांत परिचित नाव शक्तिमान. जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनणाऱ्या या ट्रकचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. म्हणजे सर्वांत 'नवा' शक्तिमानही पंचविशी ओलांडून गेलेला आहे. त्याचे सुटे भाग आता प्रामुख्याने दुसऱ्या मोडीत निघालेल्या शक्तिमानमधूनच येतात. नंतर आलेल्या स्टॅलियनची स्थिती बरी, कारण अशोक लेलँडचे जाळे बाजारात शाबूत आहे.

वय ओळखणे सोपे असते. लष्करी नंबरप्लेटवर वर रोखलेला बाण असतो. त्यापुढचे दोन आकडे वर्ष सांगतात.

मीटर का फसवतो?

नागरी ट्रक धावून झिजतो, लष्करी ट्रक बऱ्याचदा उभा राहून खराब होतो. लोखंड टिकते, रबर टिकत नाही. ब्रेकचे होज, सिलिंडरमधले वॉशर, ऑइल सील, टायर हे सगळे वर्षांच्या हिशेबाने कडक होतात, तडकतात. टायरच्या बाजूवर कोरलेले शेवटचे चार आकडे पाहावेत: २३१४ म्हणजे २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी पूर्ण शिल्लक असली तरी तो भरवशाचा नाही.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. वर्षानुवर्षे न बदललेल्या ऑइलमुळे नळ्या आणि सिलिंडर आतून गंजतात. अमेरिकी लष्कराच्या प्रसिद्ध 'एम ३५' ट्रकच्या जुन्या मालिकेत तर ब्रेकचे सर्किट एकच होते. एक होज फुटला की सगळ्या चाकांचे ब्रेक एकदम गेले! त्यामुळे इंजिन सुरू होते का, हे पाहण्याआधी ट्रक थांबतो का, हे तपासावे. खरेदीदार नेमके उलटे करतात.

आणखी एक चूक चालवताना होते. पक्क्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांचा जोर लावून ठेवला की, वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फेऱ्यांत पडणारा फरक निघून जायला वाव नसतो. तो ताण ट्रान्सफर केस आणि शाफ्टवर येतो. हा जोर चिखल-वाळूसाठी आहे.

नियम काय म्हणतो?

१५ वर्षे पूर्ण झालेली सरकारी वाहने नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडीत काढायची, असे हा नियम सांगतो. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या कामातील चिलखती व इतर विशेष वाहनांना सूट आहे. पण ती त्या कामापुरती, नव्या मालकासोबत जाणारी नाही. नियम वय मोजतो, अवस्था नाही. रबराचा विचार केला तर वय मोजणे अगदीच चूक नाही, पण चांगली देखभाल झालेला ट्रकही त्याच रांगेत उभा राहतो.

अमेरिकेत हाच पेच २०१४ मध्ये उभा राहिला. तिथे लष्कराचे जादा ट्रक ग्रामीण अग्निशमन दलांना मिळतात आणि वणवे विझवणारे टँकर बनतात. धुराच्या निकषांचे कारण देत हा पुरवठा थांबवण्यात आला. राज्यांनी ओरड केल्यावर काही आठवड्यांत तो पुन्हा सुरू झाला.

घेणाऱ्याने काय पाहावे?

लष्करी वाहनाची नोंदणी आरटीओकडे नसते. संरक्षण सेवेतून ते बाहेर पडले की मोटार वाहन कायद्यानुसार सामान्य नोंदणी लागते. मालवाहतुकीसाठी वापरायचा तर योग्यता प्रमाणपत्रही हवे, आणि आठ वर्षांवरील अशा वाहनाला ते दरवर्षी घ्यावे लागते. म्हणून बोली लावण्याआधी लिलावाच्या अटी वाचाव्यात. ट्रक वापरासाठी विकला जातोय की निव्वळ भंगार म्हणून, हे तिथेच कळते. भंगार म्हणून घेतलेल्या ट्रकवर गॅरेजमध्ये लाखभर रुपये ओतले, तरी त्याला नंबर मिळत नाही.