बस्तीतल्या सतरा खुर्च्या



मागच्या वर्षी दशलक्षणात पूजा चालू असताना माझी नजर भिंतीकडे गेली. (चुकलंच, लक्ष पूजेत हवं.) भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. मोजल्या तर सतरा. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या बस्तीत एकच खुर्ची असायची, तीही नव्वदीच्या एका आजींसाठी त्यांच्या नातवानं घरून आणलेली. आणि आता या सतरांतल्या एका खुर्चीवर मी स्वतः बसले होते. वय ५३, उंची पाच फूट एक इंच, वजन ७४ किलो.

खाली बसता येत नाही याचं दुःख काय असतं ते ज्या बसू शकत नाहीत त्यांनाच कळेल. अर्घ्य चढवायला सगळ्या जणी पुढे सरकतात आणि आपण मागून ताट दुसरीच्या हातात देतो. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांची झीज अजून फार नाही, पण त्यांच्यावरचं ओझं कमी करा. साखरही काठावर आहे.

मग सगळ्या करतात तेच मी केलं. वर्षाचे पैसे भरून एका जिमला नाव घातलं आणि सव्वा महिन्यात सोडलं. दुसरं म्हणजे उपवास वाढवले. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. अष्टमी-चतुर्दशीला मनात निर्जरा कमी आणि वजनकाटा जास्त होता. उपवास हे तप आहे, त्याचं डाएट करू नये असं माझं आता ठाम मत झालंय. शिवाय वजनही उतरलं नाही. उपवासाच्या दिवशी मी दुपारभर आडवी पडायचे आणि पारण्याला दोन दिवसांचं एकदम जेवायचे.

"मी दिवसभर उभीच असते, तरी वजन का वाढतं?" हा आपला सगळ्यांचा प्रश्न. याचं उत्तर मला उशिरा मिळालं. नुसतं उभं राहण्यानं फारसं काही होत नाही. बसण्याच्या तुलनेत तासभर उभं राहिलं तर जेमतेम आठ-नऊ कॅलरी जास्त खर्च होतात. पण पाय हलले, अगदी रमतगमत चाललं, तरी शरीराचा खर्च बसण्याच्या दुपटीवर जातो. ओट्यापाशी दोन तास उभं राहणं म्हणजे दमणं आहे, हालचाल नाही. कंबर दुखते ती त्यामुळेच.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले डॉ. जेम्स लेव्हाइन यांनी १९९९ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. सोळा जणांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी जास्त खायला घातल्या. सगळ्यांना सारख्याच. काहींची चरबी चार किलोंवर वाढली, तर एकाची अर्धा किलोसुद्धा नाही. फरक व्यायामाचा नव्हता, व्यायाम कुणी करतच नव्हतं. ज्यांची चरबी कमी वाढली ते नकळत जास्त हलत होते, उठबस करत होते. २००५ साली त्यांनी सडपातळ आणि जाड माणसांच्या दिवसभराच्या हालचाली मोजल्या. जाड माणसं रोज सुमारे दोन तास जास्त बसत होती. त्यांनी सडपातळ लोकांसारखी उठबस केली असती, तर दिवसाला साधारण ३५० कॅलरी जास्त खर्च झाल्या असत्या. म्हणजे तीनेक चपात्या. त्याच्याही आधी, १९५६ साली, लंडनच्या दुमजली बसमधल्या लोकांच्या गणवेशांची मापं पाहिली गेली, तेव्हा बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांची कंबर जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली.

हे वाचल्यावर मी माझ्या घराकडे पाहिलं. माझ्या सासूबाई आडातून पाणी शेंदायच्या, दुहेरी कापडातून गाळायच्या आणि जिवाणी परत आडात सोडायला जायच्या. एका हंड्यामागे दोन फेऱ्या. गहू-जोंधळा शोधायला जमिनीवर बसायच्या, सुपातला कचरा टाकायला उठायच्या, पुन्हा बसायच्या. सांडगे-पापड गच्चीवर. मी अजूनही पाणी गाळूनच घेते, पण नळ ओट्यावरच आहे. धान्य शोधते, पण डायनिंग टेबलावर. कपडे बाल्कनीतल्या स्टँडवर. ट्रॉल्या अशा करून घेतल्या की एका जागी उभं राहून अख्खा स्वयंपाक होतो, आणि याचं मला फार कौतुक होतं! वरच्या मजल्यावरच्या मुलाला जेवायला बोलवायला मी फोन करत होते. आचार तेवढे पाळले. त्यांच्यामागच्या फेऱ्या मात्र एकेक करून गेल्या.

जातं-आड परत आणा असं मी मुळीच म्हणत नाही. त्या कष्टांत कितीक बायका झिजून गेल्या. सासूबाईंच्या तळहाताचे घट्टे मी पाहिलेत. मिक्सर हवाच. पण सगळंच हाताशी कशाला हवं?

मी धान्याचे डबे मागच्या खोलीत नेले. लागेल तेव्हा लागेल तेवढंच आणायचं. घडी केलेले कपडे एका गठ्ठ्यात न नेता ज्याचे त्याच्या कपाटात वेगवेगळे नेते. धुणं गच्चीवर वाळत घालते, म्हणजे रोज दोन वेळा जिना. फोन आला की उठायचं, आणि आपले फोन काही दोन मिनिटांत संपत नाहीत. आधी पाटावर, मग खाली चटईवर बसून धान्य शोधायला लागले. (ज्यांना डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली आहे त्यांनी हे करू नये, फेऱ्या मात्र माराव्यात.) या फेऱ्या सगळ्या बायकांच्याच वाट्याला असंही नाही. आमचे हे पहिल्यांदा "अगं, पाणी" म्हणाले तेव्हा मी उठले. दुसऱ्यांदा म्हटलं, "तुम्हीच घ्या, तुमचीही साखर काठावरच आहे." आता घेतात.

सगळ्यात मोठी गोष्ट संध्याकाळची. आपण दिवस असताना जेवतो. साडेसहाला ताटं घासून होतात आणि निजायला दहा वाजतात. ही साडेतीन तासांची मोकळीक इतर घरांत कुठे असते? रात्री नऊला जेवणाऱ्या घरांत जेवण आणि झोप एकमेकांना चिकटलेली असतात. जेवणानंतर थोडं चालल्यानं रक्तातली साखर कमी चढते, हे आता कुठलाही डॉक्टर सांगतो. व्रतानं आपल्याला ही वेळ आयती दिली आहे आणि आपण ती सिरियलला देऊन टाकली. मी मालिका सोडली नाही, खोटं कशाला बोलू. जाहिराती लागल्या की व्हरांड्यापर्यंत फेऱ्या मारते. आणि जाहिराती भरपूर असतात.

यावर आमच्या आत्यांनी मला अडवलं. त्या शास्त्र वाचलेल्या आहेत. म्हणाल्या, "अगं, चातुर्मासात हे उगीच हिंडणं बरं नव्हे. अनर्थदंडात येतं ते." त्यांचं चूक नव्हतं. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत, त्यातल्या प्रमादचर्येत विनाकारण हिंडणं येतं. पायाखाली जीव जातात, पावसाळ्यात तर फारच. मी दोन दिवस विचार करत राहिले. मग म्हटलं, "आत्या, विनाकारण हिंडू नये हे खरं. पण डबा आणायला जाणं विनाकारण कसं होईल? आणि सोफ्यावर तीन तास लोळणं हाही प्रमादच ना?" त्या हसल्या, पण एक अट घातली. अंधारात नाही, घरातल्या उजेडात चाल, आणि चार हात जमीन बघून चाल. ती अट मी पाळते. जमीन बघून चाललं की हातात मोबाईल धरता येत नाही, हा एक वेगळाच फायदा.

माझ्यासारखीला पट्ट्यावर धावण्यापेक्षा घरातल्या फेऱ्या का जमल्या, तेही यातूनच कळलं. प्रत्येक फेरीला काहीतरी काम आहे, त्यामुळे मन कुरकुरत नाही.

एक मात्र सांगते, नाहीतर कुणाची फसगत व्हायची. एवढ्यावर भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं जरा जोरानं चालायला सांगितलंय, ते वेगळं करावंच लागतं. मी सकाळी देवदर्शनाला गाडीऐवजी पायी जाते, येऊन-जाऊन पंचवीस मिनिटं होतात. आणि दुपारच्या चहाबरोबर शंकरपाळ्यांची वाटी घेतली तर दिवसभराच्या फेऱ्या पाण्यात. ऊनोदर म्हणजे अवमौदर्य, हे बाह्य तपात दुसऱ्या क्रमांकाचं तप. उपवासापेक्षा सोपं वाटतं, पण मला तरी तेच जास्त अवघड गेलं. भूक थोडी शिल्लक ठेवून ताटावरून उठायचं, तेही आपणच केलेल्या पुरणपोळीसमोर!

दहा महिन्यांत माझं वजन साडेचार किलोनं उतरलं. फार नाही. मैत्रिणीची सून तीन महिन्यांत नऊ किलो उतरली म्हणे. असेल. माझं परत चढलं नाही, यावर मी खूश आहे.

यंदाच्या दशलक्षणात पहिले चार दिवस मी खाली पट्टीवर बसले. उठताना शेजारच्या वहिनींच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. पाचव्या दिवशी अभिषेक लांबला, गुडघा बोलायला लागला, तेव्हा गपचूप खुर्चीवर जाऊन बसले. सहाव्या दिवशी परत खाली. वहिनी म्हणाल्या, "उद्या मीही बघते बसून." त्यांचं वजन माझ्याहून जास्त आहे, आणि उठवायला मला एकटीला जमायचं नाही, म्हणून आम्ही तिसरीला जवळ बसवून घेतलंय.