आर्मी म्हणते, रेकॉर्ड नष्ट झालं. मग जवानाची अपंगत्व पेन्शन बुडाली का?

समजा, भोकरदन तालुक्यातला एक जवान १९९२ मध्ये आजारपणामुळे सैन्यातून घरी आला. पेन्शन मिळाली नाही, तो शेती करत राहिला. साठीला टेकल्यावर कुणीतरी सांगितलं म्हणून अपंगत्व पेन्शनसाठी अर्ज केला. उत्तर आलं : तुमची कागदपत्रं मुदत संपल्याने नष्ट केली आहेत.

हे उत्तर बहुतेक वेळा खरंच असतं. पेन्शन न मिळालेल्या सैनिकांचे कागद २५ वर्षं ठेवून नष्ट करायचे, असा लष्कराचा नियम आहे. म्हणजे ज्याला पेन्शन नाकारली, नेमकी त्याचीच फाइल जाते.

मग केस संपली का? तर नाही.

२०१३ चा धरमवीर सिंग खटला इथे कामी येतो. सिग्नल्समधल्या या जवानाला साधारण ९ वर्षांच्या नोकरीनंतर फीट येत असल्याने घरी पाठवलं होतं. मेडिकल बोर्ड म्हणालं, आजाराचा नोकरीशी संबंध नाही. सुप्रीम कोर्टाने पाहिलं की भरतीच्या वेळी अशा आजाराची नोंदच नव्हती. म्हणजे माणूस धडधाकट भरती झाला असंच धरायचं, आणि आजार नोकरीमुळे झाला नाही हे लष्कराने सिद्ध करायचं. मे २०२५ मध्ये राजूमोन खटल्यातही कोर्टाने बजावलं की बोर्डाने कारणं दिली नसतील, तर त्या मतावर पेन्शन नाकारता येत नाही.

अर्थात प्रत्येक जण जिंकतो असं नाही. २०१९ च्या नरसिंग यादव खटल्यात कोर्टाने उलट बाजू घेतली : काही मानसिक आजार भरतीच्या तपासणीत दिसतीलच असं नाही, बोर्डाचं मत सहज बाजूला सारता येणार नाही. शिवाय सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत, पण आपल्या जवानासारख्या जुन्या प्रकरणांना जुनेच नियम लागतात.

फाइल गेली तरी ट्रंकेतलं डिस्चार्ज बुक बहुतेकांकडे असतं. त्यात घरी पाठवण्याचं कारण लिहिलेलं असतं. तिथे वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरवून मुदतीआधी काढल्याची नोंद असेल, तर ती एक ओळ फार मोलाची. अशा जवानाचं अपंगत्व २० टक्क्यांहून जास्त होतं असं गृहीत धरावं, असं कोर्टाने २०१४ च्या सुखविंदर सिंग खटल्यात म्हटलंय. आणि पेन्शनसाठी साधारणपणे किमान २० टक्केच लागतात.

कागद मागायचे कुठे? जालन्यात नाही, रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. माहिती अधिकारात दोन गोष्टी विचाराव्यात : काय शिल्लक आहे, आणि बाकीचं कधी, कोणत्या नियमाने नष्ट केलं. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घेता येते.

दावा फेटाळला तर ६ महिन्यांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. तिथेही मुदत ६ महिन्यांचीच, पण कारण पटलं तर उशीर माफ होतो.

उशिराची खरी किंमत वेगळीच आहे. पेन्शन दर महिन्याला बुडते, म्हणून जुना दावाही जिवंत राहू शकतो, असं २००८ च्या तरसेम सिंग निकालात म्हटलंय. थकबाकी मात्र दावा दाखल करण्याआधीच्या ३ वर्षांचीच. भोकरदनच्या जवानाने आज केस जिंकली, तरी मधल्या ३० वर्षांचे पैसे गेलेच.