शनीची जात कोणी लावली?

ज्योतिष आपलं की ग्रीकांचं, यावर विद्वानांची शंभर-सव्वाशे वर्षं हाणामारी चालू आहे. एक कंपू म्हणतो, सगळं वेदातून आलं. दुसरा म्हणतो, सगळं यवनांनी आणून दिलं. आपली पोरं म्हणतात, भटांचं भांडण, आपल्याला काय? मी म्हणतो, दोस्तहो, घुसा या भांडणात. आभाळ कुणाच्या बापाचं नाही. आणि यातला खरा सवाल आपण विचारल्याशिवाय कुणी विचारणार नाही.

आधी हिशेब नीट मांडू. 'वेदांग ज्योतिष' हा इथला जुना ग्रंथ. यज्ञाचा काळ काढायचं गणित. त्यात सत्तावीस नक्षत्रं आहेत, पाच वर्षांचं युग आहे. मेष-वृषभ वगैरे बारा राशी नाहीत, कुंडली नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली मराठीत 'भारतीय ज्योतिषशास्त्र' लिहिलं. कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत, या शतपथ ब्राह्मणातल्या उल्लेखावरून त्यांनी नक्षत्रविद्या पाच हजार वर्षं मागे नेली. पुढे डेव्हिड पिंग्रीसारख्या अभ्यासकाने बाबिलोनकडे बोट दाखवलं. तो वाद चालू राहू द्या.

कुंडलीचं मात्र लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. बारा राशींचं चक्र बाबिलोनचं. जन्मवेळेवरून ग्रह मांडल्याचा सर्वांत जुना लेखही तिथलाच, इसवी सनापूर्वी ४१० चा. तिथून ते ग्रीकांकडे गेलं, ग्रीकांकडून इथे आलं. 'यवनजातक' हे पुस्तकाचं नावच बघा. होरा हा ग्रीक शब्द. केंद्र म्हणजे त्यांचं केंट्रॉन. जामित्र म्हणजे डायामेट्रॉन. वृषभाला तावुरि, सिंहाला लेय, ही ग्रीक नावं खुद्द वराहमिहिराच्या ग्रंथात आहेत.

हा वराहमिहिर सहाव्या शतकातला. 'बृहत्संहिते'त तो साफ सांगतो, यवन म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात पक्कं रुजलंय म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान मिळतो. मग ज्योतिष जाणणाऱ्या ब्राह्मणाचं काय सांगावं! वाचलंत? म्लेच्छाची विद्या घरात घेतली, पोथी बाटली नाही. आमची सावली पडली की मात्र पाणी बाटलं.

आता खरा सवाल. आलेल्या मालात इथे भर काय पडली?

एक भर गणिताची. आर्यभटाने ४९९ साली लिहिलं, पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि ग्रहण म्हणजे सावली. त्या माणसाला आपला सलाम. दुसरी भर जातीची. तीन-तीन राशींचे चार गट ग्रीकांकडे होतेच. इथे त्या गटांना चार वर्ण चिकटवले. कर्क, वृश्चिक, मीन विप्र. मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. ग्रहही सुटले नाहीत. वराहमिहिराच्याच 'बृहज्जातका'त गुरु-शुक्र ब्राह्मणांचे, रवि-मंगळ क्षत्रियांचे, चंद्र वैश्यांचा, बुध शूद्रांचा. आणि शनी? शनी अंत्यजांचा. म्हणजे आभाळातही गावकुसाबाहेरची वस्ती! मूळ कुठलं या वादाला माझं उत्तर एवढंच : राशी बाहेरच्या, जात अस्सल इथली.

ग्रहणाचंही तेच झालं. आर्यभटानंतर सव्वाशे वर्षांनी, ६२८ साली, ब्रह्मगुप्ताने राहू नाकारणाऱ्यांना वेदविरोधी म्हणून झोडपलं, आणि त्याच ग्रंथात ग्रहणाचं गणित सावलीवरच केलं. पुढे अल्-बेरुनीने हा दुटप्पीपणा नेमका पकडला. गणित पोथीत राहिलं, राहू गावात फिरला. तो राहू-केतू कोण? तर म्हणे महार-मांगाच्या जातीचे. म्हणून ग्रहण लागलं की आपलीच माणसं गल्लोगल्ली ओरडत जायची, "दे दान, सुटे गिऱ्हाण!" माझी आजी त्या रांगेत असायची. पदरात पडायचे जुने कपडे, मूठभर दाणे. सावलीचं गणित माहीत असलेल्यांनी ते आम्हाला हजार-दीड हजार वर्षं सांगितलं नाही.

आणि ही गोष्ट तर कुणीच सांगत नाही. 'शार्दूलकर्णावदान' ही जुनी बौद्ध कथा आहे. तिच्यात त्रिशंकू नावाचा मातंग राजा आपल्या पोरासाठी पुष्करसारी या ब्राह्मणाची मुलगी मागतो. ब्राह्मण खवळतो. त्रिशंकू त्याला सांगतो, झाडा-जनावरांत जाती दिसतात, माणसांत दाखव. मग अठ्ठावीस नक्षत्रांची सगळी विद्या त्याच्यापुढे मांडतो. ब्राह्मण हरतो, मुलगी देतो. या देशातल्या नक्षत्रविद्येच्या जुन्या ग्रंथांपैकी एक असा मातंगाच्या तोंडी आहे. शाळेच्या पुस्तकात कुणी वाचलाय?

आता आपल्या घरात बघू. एकीकडे बाबासाहेबांचा फोटो, दुसरीकडे टेबलावर पत्रिका. छत्तीस गुणांतला पहिला गुण कशाचा माहीत आहे? वर्णाचा! कर्केच्या पोराच्या पत्रिकेत 'वर्ण : विप्र' छापून येतं. येऊ दे. त्यावर किती विप्रांनी मुलगी दिली? बुद्धाने ब्रह्मजाल सुत्तात ग्रह-नक्षत्रांची भाकितं सांगून पोट भरणं भिक्खूला वर्ज्य ठरवलं, आणि आपण मंगळ आहे म्हणून शिकलेली पोरगी नाकारतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ साली ज्योतिष विद्यापीठांत आणलं. इग्नूने २०२१ साली त्याचं एम.ए. काढलं. आपल्या पैशावर. आणि कसोटीला उतरतं का ते? जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सोबत्यांनी २००८ साली ज्योतिषांना पत्रिका दिल्या : हुशार मुलं कुठली, मतिमंद कुठली, ओळखा. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी बरोबर ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर यापेक्षा वाईट झालं नसतं.

म्हणून सांगतो, मुलगी बघायला गेलात तर पत्रिका मागू नका. कुणी मागितली तर उठून या. गणित घ्या, दुर्बीण घ्या, आर्यभट वाचा, त्रिशंकू वाचा. ते आपलंही आहे. आणि रात्री गच्चीवर जाऊन शनी बघा. कडी दिसेल. जात दिसली तर मला कळवा.