फायबर आहे, पण कुठले?

लिपिड प्रोफाइलमध्ये एलडीएलचा, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचा आकडा वाढलेला दिसला की अनेक घरांत लगेच 'हाय फायबर' बिस्किटे येतात. हा पैसा बहुतेक वाया जातो, हे स्पष्ट सांगायला हवे.

आपल्याकडच्या 2018 च्या नियमांप्रमाणे शंभर ग्रॅममध्ये सहा ग्रॅम फायबर असले की पाकिटावर तसे छापता येते. ज्वारीच्या पिठात ते मुळातच दहा ग्रॅमच्या आसपास असते. शिवाय चहाबरोबर शंभर ग्रॅम बिस्किटे कोणी खात नाही. दोन खाल्ली तर पोटात जाते जेमतेम ग्रॅमभर फायबर, सोबत साखर आणि बहुधा पामतेल, ज्यातली संपृक्त चरबी एलडीएल वाढवते. त्यात ते फायबर गव्हाच्या कोंड्याचे असेल, तर पोट साफ होईल. कोलेस्टेरॉलला त्याने फारसा फरक पडत नाही.

कोलेस्टेरॉल उतरवण्याचे काम विद्राव्य फायबरचे. ओट्स आणि जवातले बीटा-ग्लुकन किंवा इसबगोल भिजले की बुळबुळीत होते, आतड्यात पित्ताम्लांना धरून शौचावाटे बाहेर नेते. मग नवे पित्त तयार करायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 मध्ये ओट्समुळे हृदयविकाराचा धोका घटू शकतो हा दावा मान्य केला, तो रोज तीन ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जाईल या हिशेबाने. त्याला पाऊणशे ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. मसाला ओट्सच्या छोट्या पाकिटात त्याच्या निम्मेच असतात, वर मीठ. रोजचे तीन ग्रॅम नेमाने घेतल्यावर एलडीएल उतरते साधारण पाच ते दहा टक्के. ही घट मोलाची आहे, पण तिच्या भरवशावर कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी परस्पर बंद करणे धोक्याचे.

इसबगोल गुजरात-राजस्थानात पिकते, जगभर जाते. आपल्या घरांत मात्र ते फक्त बद्धकोष्ठासाठी निघते. डॉक्टरांनी नुसते 'फायबर वाढवा' म्हणून रुग्णाला दुकानाच्या भरवशावर सोडू नये. काय, किती आणि कसे घ्यायचे ते चिठ्ठीवर लिहावे: इसबगोल, दिवसाला सुमारे दहा ग्रॅम, भरपूर पाण्यातून, इतर गोळ्यांपासून दोन तासांच्या अंतराने. जेवणात राजमा, चवळी, भेंडी. आणि फायबरचा दावा करणाऱ्या प्रत्येक पाकिटावर विद्राव्य फायबर किती, एका वेळच्या खाण्यातून मिळते किती, हे दोन आकडे ठळक छापण्याची सक्ती अन्नसुरक्षा प्राधिकरणाने करावी.