पट्टी आधी, बिटरेट नंतर

परीक्षांचं सत्र जवळ आलं की कल्याण-डोंबिवलीतल्या गाण्याच्या वर्गांत एक प्रश्न हमखास येतो. मध्यमा किंवा विशारदला बसलेल्या मुलीची आई विचारते, "सर, ऐकण्यासाठी कोणतं अ‍ॅप घेऊ?" आणि आपण बहुतेक वेळा आपल्याच फोनमध्ये असलेल्या अ‍ॅपचं नाव सांगून मोकळे होतो. आता 'लॉसलेस'च्या, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता पोचवण्याच्या, जाहिराती सुरू झाल्या आहेत आणि पालक त्यासाठी जादा पैसे मोजायलाही तयार आहेत. अशा वेळी शिकवणाऱ्यानं उत्तर जरा विचार करून द्यायला हवं.

आधी आकडे पाहून घेऊ. सीडीवर दर सेकंदाला १,४११ किलोबिट इतका आवाज असतो. स्पॉटिफायच्या सशुल्क योजनेत वर्षानुवर्षं ३२० ही कमाल मर्यादा होती. जिओसावनच्या सशुल्क योजनेतही ३२०, तर यूट्यूब म्युझिकवर २५६. अ‍ॅपल म्युझिकनं जून २०२१ पासून जादा पैसे न घेता लॉसलेस दिलं, तेही २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंत. स्पॉटिफायनं ते २०२५ मध्ये आणलं आणि भारतात वरच्या योजनेत ठेवलं.

या आकड्यांतला कानाला जाणवणारा फरक मोठा आहे तो तळाशी. मोबाइल डेटावर 'ऑटोमॅटिक' सेटिंग असेल आणि नेटवर्क ढेपाळलं, तर बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या किलोबिटांचा हा आकडा, खाली घसरतो. मग सर्वांत आधी मार बसतो तो तानपुऱ्याच्या जवारीला, स्वरमंडळाला आणि तबल्याच्या चाटेवरच्या बोलांना. षड्ज ऐकू येतो, पण त्याच्याभोवतीचं वलय भुरकट होतं. तेच गाणं ३२० वर नीट वाजलं की ते आणि लॉसलेस यांतला फरक साध्या साधनांवर भल्याभल्यांना सांगता येत नाही. शिवाय बिनतारी इअरफोन लावले असतील, तर लॉसलेसचे पैसे वायाच जातात, कारण ब्लूटूथवरून जाताना आवाज पुन्हा दाबला जातो. हे अ‍ॅपल स्वतःच सांगतं. ४८ किलोहर्ट्झच्या वरचं काही ऐकायचं, तर वेगळा डॅक, म्हणजे डिजिटल आवाज हेडफोनसाठी रूपांतरित करणारं उपकरणही लागतं. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला यातलं काहीच नको. त्यानं घरी वायफायवर उच्च दर्जात उतरवून घेतलं की पुरे. ३२० वर तासाभराचं गाणं साधारण १४४ एमबी जागा घेतं.

पण आपल्या कामाचा खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. आपण विद्यार्थ्यांना जे ऐका म्हणतो, त्यातलं बरंचसं ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून आलेलं आहे. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायक कर्ण्यासमोर तोंड धरून गात. त्या आवाजातले वरचे तरंग तबकडीवर उतरलेच नाहीत, ते आज कुठल्याही बिटरेटमधून परत येणार नाहीत. इथे दर्जा ठरतो तो तबकडीवरून आवाज कुणी आणि कसा उतरवला यावर. खरखर काढण्याच्या नादात हात जड पडला, तर 'स', 'श'सारखी व्यंजनं बोथट होतात, श्वास जातो आणि मागचा तानपुराही पुसला जातो. कानाला गुळगुळीत लागणारी आवृत्ती अनेकदा शिकण्यासाठी वाईट असते.

त्याहून गंभीर बाब पट्टीची. सुरुवातीच्या काळात तबकड्यांचा वेग सगळीकडे सारखा नव्हता. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ नं वाजवली, तर गाणं जवळजवळ एक पट्टी चढतं. काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोनच्या आसपास येतं, तानांचा वेगही त्याच प्रमाणात वाढतो आणि आवाज बारीक होतो. विद्यार्थी तोच वेग आणि तोच टोकदार स्वर खरा मानून नक्कल करू लागतो. लॉसलेस ही चूक सुधारत नाही, अगदी चोख पोचवतं. नाट्यपदात ऑर्गन किंवा ख्यालात हार्मोनिअम असेल, तर एक सोपी तपासणी करता येते. षड्ज दोन पट्ट्यांच्या मधोमध पडत असेल, तर वेगाबद्दल शंका घ्यावी. त्या काळची वाद्यं आजच्या प्रमाणाला लावलेली असतीलच असं नाही, म्हणून ही शंकाच, निकाल नव्हे. त्याच गायकाची दोन-तीन मुद्रणं ताडून पाहिली की बराच उलगडा होतो.

आता संग्रहाबद्दल. कल्याण गायन समाजाचा महोत्सव ज्यांच्या स्मृतीला वाहिलेला आहे, त्या देवगंधर्व भास्करबुवा बखल्यांचं (१८६९–१९२२) गाणं कोणत्याच अ‍ॅपवर सापडणार नाही. १९०२ मध्ये ध्वनिमुद्रण भारतात आलं, बुवा त्यानंतर वीस वर्षं हयात होते, तरीही त्यांचा आवाज मागे राहिला नाही. त्यांच्यापर्यंत जायचं ते त्यांचे शिष्य बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांच्यामार्फत, आणि पुढे मास्टरांकडे तालीम घेतलेल्या ठाणेकर पं. राम मराठ्यांमार्फत (१९२४–१९८९). हा धागा हाती असलेल्या शिक्षकाला 'दहा कोटी गाणी' या जाहिरातीचा उपयोग नाही. त्याला या तीन गायकांचं नेमकं काय मिळतं आणि कोणत्या अवस्थेत मिळतं, हे हवं.

तेही कायम मिळेलच असं नाही. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आलं, तेव्हा सारेगामाचा, म्हणजे आपल्या जुन्या एचएमव्हीचा संग्रह त्यावर नव्हता. करार व्हायला २०२० उजाडलं. मार्च २०२३ मध्ये करार संपल्यामुळे झी म्युझिकची गाणी तिथून उतरली. रेसो हे गाण्यांचं अ‍ॅप जानेवारी २०२४ मध्ये भारतात बंद झालं आणि त्याच वर्षी एअरटेलनं आपलं विंक अ‍ॅप गुंडाळलं. सदस्यत्व म्हणजे भाडं. वर्षभर निगुतीनं बनवलेली श्रवणयादी मालकाच्या निर्णयासरशी जाऊ शकते.

नोंदींचा गोंधळ वेगळाच. रागाचं नाव चुकलेलं, ताल दिलेला नाही, तबल्यावर आणि हार्मोनिअमवर कोण याचा पत्ता नाही, वर्ष दिलं असेल तर ते मैफिलीचं नसून सीडी पुन्हा निघाली त्याचं. विलंबित आणि द्रुत वेगळे तुकडे करून टाकलेले, त्यामुळे 'शफल' चालू असेल तर बड्या ख्यालानंतर भलतंच काही वाजतं. या बाबतीत अ‍ॅपांपेक्षा संग्राहकांचं काम कितीतरी चोख आहे. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सनं तबकडीच्या क्रमांकापासून तपशील जपण्याची शिस्त घालून दिली. यूट्यूबवर प्रसार भारतीच्या आर्काइव्ह्जनं आकाशवाणी-दूरदर्शनचा ठेवा खुला केला आहे. तिथला आवाज काही ठिकाणी दुबळा असला, तरी कोण, कुठे, कधी हे अधिक भरवशाचं असतं.

म्हणून आमचं सांगणं असं. आपल्या तालमीला लागतीलच अशा दहा मुद्रणांची यादी आधी कागदावर करा. चाचणीच्या मोफत काळात प्रत्येक अ‍ॅपवर ती शोधा आणि किती सापडली, पट्टी जुळते का, तुकडे अखंड आहेत का, हे लिहून ठेवा. जिथे यादीतलं जास्त सापडेल, ते एकच सदस्यत्व घ्या. त्यात दर्जा सर्वांत वर ठेवा, ऑटोप्ले, क्रॉसफेड आणि आवाज समान करणारी सोय बंद करा. लॉसलेससाठी जादा पैसे मोजण्याआधी चांगला तारेचा हेडफोन घ्या. जे मुद्रण दरवर्षी शिकवायला लागतं, त्याची सीडी किंवा विकत घेतलेली फाइल स्वतःजवळ असू द्या. आणि पालकांनी विचारलं, तर अ‍ॅपचं नाव सांगण्याआधी राग, गायक, साल आणि पट्टी लिहिलेली चिठ्ठी हातात द्या. मुलं अ‍ॅप शोधून काढतील. काय ऐकायचं हे निवडण्याचं काम मात्र आपलं आहे.

वाचक शिक्षकांनी आपापली दहा मुद्रणांची यादी, तपासलेल्या पट्टीसह, आमच्याकडे पाठवावी. घराण्यांनुसार लावून ती पुढच्या अंकांत क्रमानं छापू. ज्यांना एखाद्या नोंदीत चूक दिसेल, त्यांनी पुराव्यासह कळवावं, दुरुस्तीही त्याच ठळकपणे छापली जाईल.